नाताळात नणंद येतेय, भिंतीला ओल आलीय आणि पोरं घरीच शिकतात: मदत हवी

ओसरी | ९ डिसेंबर, रात्री ११.४०

पोरं झोपली, घासायची भांडी तशीच पडलीत आणि मी इथे लिहायला बसलेय, यावरून प्रकरण कुठवर आलंय ते ओळखा.

आम्ही निफाड तालुक्यातले. द्राक्षं, कांदा आणि थंडी. यातली थंडी तेवढी फुकट मिळते. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दगडी जोतं आणि वर चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटा. मोठा मुलगा ११ वर्षांचा, धाकटी ७ ची. दोघंही शाळेत जात नाहीत. २०२० मध्ये सगळ्यांचीच पोरं घरी बसली, शाळा उघडल्यावर बाकीची परत गेली, आमची राहिली. का आणि कसं ते पुन्हा कधीतरी सांगेन, आज भिंतीचं बघू.

२४ तारखेला संध्याकाळी ठाण्याहून नणंदबाई येताहेत, यजमान आणि दोन मुलांसकट, १ जानेवारीपर्यंत. त्यांची मुलं कॉन्व्हेंटला, म्हणून नाताळची चांगली आठवड्याची सुट्टी. (आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला २५ तारखेची एक सुट्टी असते. आमच्या दोघांना तर बारा महिने सुट्टी, असं सगळ्या आळीचं मत आहे.) ताई मनाने चांगल्या आहेत. पण गेल्या वर्षी पुढच्या खोलीत उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पोपडे केवढे पडलेत गं भिंतीचे!" आणि त्याच दमात, "शाळेत कधी घालणार आहात पोरांना?" ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसलीत. भिंत नीट केली की दुसरं वाक्य येणारच नाही, असं वाटायला लागलंय. वेडगळपणा आहे, कळतंय मला.

खोली १० बाय १२, उंची १० फूट. तीन भिंतींवर जुना चुना, दर दिवाळीला हात मारत आलेला. चौथी भिंत, दारातून आत आल्या आल्या समोर दिसते ती, आठ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून सिमेंटचं प्लास्टर आणि वर डिस्टेंपर असं करून घेतली होती. 'कायमचं काम होईल' म्हणून. नेमकी तीच सडलीय. खालून दोन-अडीच फुटांपर्यंत पोपडे, पांढरी भुकटी, बोट लावलं की पापडासारखा तुकडा हातात येतो. धाकटी तिथे नखाने नकाशे काढते. श्रीलंका जवळजवळ पूर्ण झालीय.

पेंटरने २२ हजार सांगितले. माझ्याकडे ८ आहेत. त्यातच खिडक्यांचे पडदे, चार पुस्तकं ठेवायला काहीतरी आणि चार पाहुण्यांची पांघरुणं बसवायची आहेत. पंधरा दिवसांत त्या भिंतीला पुट्टी भरून होईल का? बाकीच्यांना चुना मारू की डिस्टेंपर? सासूबाईंची एक पेटीभर जुनी लुगडी आहेत, ती वापरा म्हणाल्यात, त्यांचे पडदे चांगले दिसतील की गोधड्या कराव्यात?

आणि जे विचारायला लाज वाटतेय ते शेवटी. हे सगळं पोरांना बरोबर घेऊन करायचं, हाच डिसेंबरचा अभ्यास, असं मी ठरवून टाकलंय. पण रात्री पडल्या पडल्या वाटतं, ही शिकवण आहे की मी मजुरी वाचवतेय आणि तिला अभ्यास म्हणतेय?

---

भिंगरी | १० डिसेंबर, सकाळी ७.१५

वाचतेय. आमच्याकडेही ओल आहे, नणंदही आहे. कोणी उत्तर दिलं की मलाही सांगा.

---

चुनाभट्टी | १० डिसेंबर, सकाळी ९.०५

ओसरीताई, मी साताऱ्याचा. पस्तीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतले, आता गुडघे शिडी-घोड्यावर चढू देत नाहीत म्हणून बसल्या जागी अक्कल वाटतो.

पुट्टी डोक्यातून काढून टाका. ओल्या भिंतीला पुट्टी भरणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. तुमचं ते 'कायमचं काम' हेच दुखणं आहे. चुन्यातली जुनी वीट पाणी पिते आणि हवेला परत देते. तिच्यावर सिमेंट लिंपलं की पाण्याला निघायला वाट नाही. मग ते आतल्या आत वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाच्या पाठीमागे ठाण मांडतं. ती पांढरी भुकटी म्हणजे तोच क्षार, आम्ही लोणा म्हणतो.

पण मुळात पाणी येतंय कुठून, ते आधी बघा. ओल्या जागेची भुकटी झाडून जाड प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. थेंब खोलीकडच्या अंगाला आले तर ती घरातली वाफ, थंड भिंतीवर जमलेली. भिंतीकडच्या अंगाला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग बाहेर जाऊन त्या भिंतीच्या मागे काय आहे ते बघा. पन्हाळ, मोरी, मातीचा ढीग, काहीतरी सापडेलच.

बाकीच्या तिन्ही भिंतींना चुनाच. डिस्टेंपर मारायचा तर जुना चुना मुळापासून खरवडावा लागतो, नाहीतर वर्षात पदर सुटतो. सुटा पापुद्रा तेवढा पट्टीने काढा, कुंच्याने झाडा, बस. चुन्यावर चुना बसतो.

कळीचा चुना आणा, दहा किलो पुष्कळ झाला. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भिजवायचा. प्लास्टिकची बादली घेऊ नका, बुडाला मऊ पडेल. डब्यात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं करायचं नाही, कळीवर पाणी ओतलं तर अंगावर उडतं. कळी अक्षरशः रटरट उकळते. पोरं दहा हात लांब ठेवा. डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे मी घाबरवायला सांगत नाही, आमच्या एका माणसाचं झालेलं बघितलंय. चष्मा लावा, हाताला खोबरेल चोळा. दोन दिवस मुरू द्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. किलोला साधारण पाच लिटर पाणी धरा, दुधासारखा पातळ झाला पाहिजे. डिंक भिजवून घाला, नाहीतर टेकून बसणाऱ्याच्या पाठीवर भिंत उतरेल. नीळ चिमटीने, मुठीने नव्हे.

भिंत आधी पाणी मारून ओली करायची. पहिला हात उभा, दुसरा आडवा. मारताना काही दिसत नाही, नुसतं पाणी फासल्यासारखं वाटतं. वाळताना पांढरं उमटतं. नवा माणूस इथेच घाबरतो आणि दाट लावतो. दाट लावला की तडकलाच समजा.

---

मधली_सुट्टी | १० डिसेंबर, दुपारी २.३०

मी प्राथमिक शिक्षिका आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं वाकडं वाटलं तर समजून घ्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. खोली मोजणं, चुना किती लागेल ते काढणं, हिशेब लिहिणं, हा तासाभराचा अभ्यास झाला. त्यानंतरचे सहा तास भिंत खरवडणं म्हणजे काम. कामाला माझी काही हरकत नाही, पोरांना काम यावंच. पण वहीत 'आज गणित: ६ तास' असं लिहू नका. मोठ्याला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची वजाबाकी येते का? नसेल येत तर ती कुंचा मारून येणार नाही, बसवून शिकवावी लागेल.

आता एक देण्यासारखं देते. भिजवलेला चुना निवळला की वरचं स्वच्छ पाणी काचेच्या पेल्यात घ्या. ही चुन्याची निवळी. मोठ्याला नळीने तिच्यात हळू फुंकर मारायला सांगा. चष्मा लावून, आणि ओढायचं नाही, फक्त फुंकायचं. बघता बघता पाणी दुधाळ होईल. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला लागला आणि त्याचा खडू झाला. तुमच्या भिंतीवरही तेच होतं, फक्त सावकाश, हवेतून. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा की भिंत वाळली म्हणजे नुसतं पाणी उडालं का? त्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं तर तो दिवस खुशाल अभ्यासात धरा, माझी सही घ्या.

सात वर्षांच्या मुलीला मात्र ओल्या चुन्यापाशी फिरकू देऊ नका. तिला दुसरं काम द्या.

---

अर्धीमुर्धी | १० डिसेंबर, रात्री १०.२०

आमची दोन्ही मुलं घरीच शिकली (पुणे). मोठीने एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय) दहावी-बारावी केली, आता कॉलेजात आहे. भिंतीतलं मला शून्य कळतं, नणंदेतलं थोडं कळतं.

नातेवाइकांना वाद नको असतो, कागद हवा असतो. आम्ही पाच वर्षं लोकांना शिक्षणावरची आमची मतं ऐकवली, काडीचा उपयोग झाला नाही. पोरीच्या हातात पहिली गुणपत्रिका आली आणि सगळे एका रात्रीत गप्प झाले. तुमच्या मुलाच्या वयाला एनआयओएसची मुक्त बेसिक शिक्षणाची पातळी 'ब' आहे, ती पाचवीच्या बरोबरीची धरतात. 'क' म्हणजे आठवी. आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी आणि आठवी असते, मराठीतून. दहावीला एनआयओएसला वय १४ पूर्ण लागतं आणि वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. आत्ताच द्यायला हवी असं नाही. पण 'अमुक वर्षी अमुक देणार आहे' एवढं ठरवून ठेवलं तरी नणंदेला उत्तर देता येतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही रात्री झोप लागते.

कोणीतरी कायदा काढेलच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ च्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. जेवणाच्या पानावर मात्र हा विषय काढू नका. आम्ही काढला होता. पुरणपोळी गार झाली.

---

ओसरी | १२ डिसेंबर, रात्री ११.१०

सगळ्यांना एकदमच उत्तर देते. सकाळी ६ वाजता अंगणात पारा ७ वर होता (मोठा रोज वहीत टिपतो), बोटं अजून नीट वळत नाहीत.

काका, प्लास्टिक लावलं. थेंब भिंतीकडच्या अंगाला. मग आम्ही तिघं वरात काढून घराच्या मागे गेलो आणि तिथे जे सापडलं ते लिहायलाही मला हसू येतंय. भिंतीला लागून आमचा भाजीचा वाफा आहे. २०२१ मध्ये केलेला. 'घरच्या शाळेचा' पहिला मोठा प्रकल्प! मेथी, पालक, कोथिंबीर, बी कधी रुजलं त्याच्या नोंदी, पानांची चित्रं, सगळं. दर वर्षी त्यात शेणखत आणि माती पडत गेली आणि वाफा जोत्याच्या वर वीतभर चढलाय. रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी, न चुकता, कारण मी पोरांना नियमितपणा शिकवत होते.

मी मोठ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या शाळेमुळे घराला ओल आलीय." हे वाक्य आत्याच्या कानावर जाता कामा नये असं त्याला बजावून ठेवलंय.

मधली_सुट्टी, वाकडं नाही वाटलं. थोडं लागलं, पण खरं आहे म्हणून लागलं. वजाबाकी येत नव्हती. ⅚ − ¼ विचारलं तर त्याने ४/२ असं लिहून दिलं आणि 'म्हणजे दोन' असं वर स्पष्टीकरण. कालपासून ओट्यावर उन्हात रोज पाऊण तास बसतोय, कुंचाबिंचा सगळा नंतर.

मोजमाप मात्र त्यानेच केलं. चारी भिंतींचं ४४० चौरस फूट काढून चुना सांगायला निघाला होता. धाकटी म्हणाली, "दारालापण चुना लावणार?" मग दार ३ बाय ७ आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या वजा झाल्या, ३८७ उरले. त्यातून ती सडकी भिंत वेगळी काढायची की नाही यावर दोघांचं भांडण झालं, ते अजून चालू आहे.

काका, त्या भिंतीचं आता काय करू?

---

चुनाभट्टी | १३ डिसेंबर, सकाळी ८.४०

वाफा उचला. आजच. जोत्याच्या खाली वीतभर जाईल इतकी माती काढा आणि भिंतीपासून दोन-तीन हात लांब टाका. जमिनीला उतार बाहेरच्या बाजूला.

आत, पोपडे आहेत त्याच्या वर आणखी फूटभर धरून सगळं सिमेंट छिन्नीने उडवा. हलक्या हाताने, विटेला धक्का नको. मग विटा उघड्या ठेवा. कोरड्या ब्रशने लोणा झाडत राहा, ओल्या फडक्याने पुसू नका, तो परत आत जातो. त्या भिंतीला कपाट टेकवायचं नाही, पडदा सोडायचा नाही, चादर टांगायची नाही. संक्रांतीपर्यंत वाळू द्या. तुमच्याकडची कोरडी थंडी या कामाला फार चांगली. मग चुना-वाळूचा गिलावा.

तेव्हा ताई, नणंदबाई येतील तेव्हा भिंत उघडीच असणार. उपाय नाही.

---

ओसरी | १३ डिसेंबर, सकाळी ८.५५

काका! दारासमोरचीच भिंत आहे हो ती!

---

चुनाभट्टी | १३ डिसेंबर, सकाळी ९.००

म्हणूनच सांगतोय. एकदाच करा.

---

बेळगावी_कुंदा | १३ डिसेंबर, दुपारी १२.१५

लुगड्यांचं कुणी बोलेना, म्हणून मी बोलते.

बारा दिवसांत चार गोधड्या होत नाहीत बाई, स्वप्न बघू नकोस. हाताने एक मोठी गोधडी भरायची तर महिना घालवते मी, आणि माझा हात बसलेला आहे. पाहुण्यांसाठी गावातल्या मंडपवाल्याला विचार की. गाद्या-रजया आठवड्यासाठी भाड्याने देतो, डिसेंबरात लग्नाची तारीख गाठून आली नाही तर स्वस्तात. आणून दोन दिवस उन्हात टाक.

लुगड्याचे पडदे मात्र छान होतात. एकेक लुगडं उजेडासमोर धरून बघ. मधलं अंग, बसण्या-उठण्याचं, विरलेलं असतं. पदराकडचे दोन-तीन वार आणि दुसरं टोक धड असतं. तेवढंच कापून घे. काठ आडवा खाली येऊ दे, नऊवारीचा काठ काय सुंदर दिसतो. कांजी केलीस तर पडदा पडदा वाटेल, नाहीतर दोरीवर वाळत घातलेलं लुगडं वाटेल.

मधल्या विरलेल्या भागाची धाकटीला बाहुलीची गोधडी करायला दे. हातभर चौकोन, चार पदर, कडेने सुरू करून धावदोऱ्याने फेऱ्या मारत मध्याकडे जायचं. सात वर्षांच्या हाताला जमतंय. टाके वाकडे आले तर उसवायचं नाही, सांगून ठेवते.

---

ओसरी | २१ डिसेंबर, रात्री ९.५०

घाईत आहे, चार ओळी. वाफा उचलला, मेथीच्या जुड्या बांधून आळीत वाटल्या. भिंत उघडी केली. तीन भिंतींना दोन हात झाले, वरचा भाग नवऱ्याने, खालचा मी आणि मोठ्याने. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिला हात मारून झाल्यावर मी जवळजवळ रडले, भिंत आधीपेक्षा मळकी दिसत होती. चहा करून आले तोवर कोपऱ्यातून पांढरं उमटायला लागलं होतं.

नीळ चिमटीने टाका म्हणाला होतात. चिमटीनेच टाकली. मी एकदा, नवऱ्याने मला न विचारता एकदा आणि धाकटीने लांबून नेम धरून एकदा. पूर्वेची भिंत आभाळाच्या रंगाची झालीय.

निवळीत फुंकर मारून झाली. "भिंत श्वास घेते" असं त्याने वहीत लिहिलं. मी म्हटलं, नीट लिही. मग लिहिलं, "भिंत आपण सोडलेली हवा खाते आणि खडू होते." हे चालेल ना, मधली_सुट्टी?

---

मधली_सुट्टी | २१ डिसेंबर, रात्री १०.०५

चालेल. सही.

---

ओसरी | ३ जानेवारी, दुपारी ३.२०

परवा घर रिकामं झालं, आज सगळे लोळतोय. तुम्ही विचारण्याआधीच सांगते.

ताई आल्या, चपला काढल्या, समोरची उघडी भिंत बघितली आणि म्हणाल्या, "हे काय, अर्धवटच?" मी तोंड उघडायच्या आत, "शाळेचं काय ठरवलंत मग?" गेल्या वर्षीच्याच क्रमाने. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

अर्धीमुर्धी, तुमचं वाक्य तयार ठेवलं होतं. "पाचवीची परीक्षा पुढच्या वर्षी देणार आहे, मुक्त मंडळाची." ताई "बरं" म्हणाल्या आणि पाणी मागितलं. एवढंच. वर्षभर मी ज्याची धास्ती घेतली ते संभाषण पाणी येईपर्यंत संपलं होतं. मला जरा रागच आला.

त्या भिंतीचं मात्र मी कल्पनाही केली नव्हती असं झालं. सिमेंट उडवलं तिथे कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीच्या जुन्या चुन्याची कड उघडी पडलीय. जाडी बोटभर असेल नसेल. बॅटरी लावून बघितलं तर कांद्यासारखे पदर. पांढरा, निळसर, पांढरा, पिवडीचा पिवळा, परत पांढरा, एक गुलाबी, एक चक्क पोपटी. तिसऱ्या दिवशी चारी पोरं तिथे भिंग घेऊन पालथी पडली होती, पदर मोजत. एकाचे एकोणीस, एकाचे तेवीस. ताई बघायला वाकल्या आणि तिथेच बसल्या. नखाने पोपटी पदर दाखवून म्हणाल्या, "हा माझ्या लग्नाचा. दादांनी हाच रंग आणला होता आणि आई आठ दिवस बोलत नव्हती त्यांच्याशी." सासूबाई आतून ओरडल्या, "आठ नाही, चार!" मग दोघी मायलेकींनी पोरांना पदर लावून दिले. गुलाबी नवऱ्याच्या मुंजीचा, पिवळा विहिरीला पाणी लागलं त्या वर्षीचा. दोन पदरांवर एकमत झालं नाही. ताईंच्या मुलाने सगळं मोजपट्टीसारखं कागदावर काढून घेतलं, शाळेत दाखवणार म्हणे.

पडद्यांचं कौतुक झालं, खोटं का सांगू. पुस्तकांना नवं काही घेतलंच नाही, माळ्यावरची घडवंची खाली काढली, काचपेपर मारून तेलाचा हात दिला, वर पुस्तकं आणि खाली पोरांच्या वह्या. बाहुलीची गोधडी ताईंच्या धाकटीने इतकी लाडीगोडी लावून मागितली की आमच्या धाकटीने दिली आणि मग रात्री उशीत तोंड खुपसून रडली. आता दुसरी सुरू केलीय. मंडपवाल्याच्या रजयांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता, बाकी उबदार.

एक दिवस नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो, पहाटे शेकोट्या पेटलेल्या बागांमधून. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा आणि आम्ही इतक्या जवळ राहून दुसऱ्यांदाच जातोय. चक्रवाकांची जोडी दिसली. ठाण्याच्या पोरांना त्यापेक्षा गरम बाजरीची भाकरी आणि शेकोटीत भाजलेले बटाटे जास्त आवडले, आणि आमच्यांनाही.

खर्च ६,८४० झाला. सगळ्यात जास्त रजयांचं भाडं आणि छिन्नी मारायला आलेल्या माणसाची मजुरी. हिशेब मोठ्याने लिहिलाय. त्यात 'आईला लागलेला बाम, ४५ रुपये' हेही आहे.

काका, आता तुम्हाला दोन प्रश्न. संक्रांतीनंतर गिलावा करताना तो पदरांचा कोपरा हातभर तसाच उघडा ठेवला तर भिंतीला काही अपाय? सासूबाई बुजवू देईनात. आणि निम्मा डबा चुना उरलाय. मोठ्याने तीन भिंतींचा हिशेब करूनही चौथीचा चुना मागवला होता, भांडणात धाकटी बरोबर होती. नवरा म्हणतो द्राक्षबागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणाला घालू.

---

चुनाभट्टी | ३ जानेवारी, सायंकाळी ६.३०

कोपरा राहू द्या. उघड्याने काही होत नाही, बुजवल्यानेच होतं. कडेला गिलावा तिरका उतरवून घ्या म्हणजे पदर सुटणार नाहीत.

डिंक आणि नीळ घातलेला चुना बोर्डोला अजिबात नको, त्याने गोठ्याची भिंत मारा. नुसता मुरवलेला वेगळा राहिला असेल तर वर चार बोटं पाणी ठेवून झाकण लावा. पाणी आटू दिलं नाही तर वर्षानुवर्षं काही होत नाही, उलट लोण्यासारखा मऊ होतो. गिलाव्याला तोच लागेल.

डब्यावर तारीख घाला. आणि झाकणावर दगड. नेम धरणारी पोरगी आहे घरात.

---

भिंगरी | ३ जानेवारी, रात्री ८.००

आमच्याही भिंतीमागे वाफाच निघाला.